मत्स्यबीज घेताना प्रजनक माशांचे नाते तपासा

पाणी चांगले, खाद्य वेळेवर, बोटुकलीची संख्याही बेताची. तरी शेततळ्यातील रोहू वजन धरत नाही. अशा वेळी दोष बहुधा खाद्याला दिला जातो. पण बोटुकली कोणत्या प्रजनक माशांपासून तयार झाली, हेही विचारायला हवे.

नदीत पूर आला की कटला, रोहू, मृगळ उथळ पाण्यात एकत्र येतात. वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या भागांतून आलेले अनेक नर आणि माद्या प्रजननात भाग घेतात. त्यामुळे पिल्लांमध्ये वाढीचा वेग, रोग सोसण्याची ताकद, कमी प्राणवायूत तग धरण्याची क्षमता यांत भरपूर फरक राहतो. हीच आनुवंशिक विविधता. एखादा रोग आला तरी सगळे मासे एकदम बळी पडत नाहीत, याचे एक कारण हेच.

पूर्वी या माशांचे बीज प्रामुख्याने नद्यांतून गोळा होत असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले आणि बीज हॅचरीत तयार होऊ लागले. सोय मोठी झाली. मात्र एक धोकाही आला. एक मादी एका हंगामात लाखो अंडी देते. त्यामुळे मोजक्या माद्यांवर संपूर्ण हंगामाची मागणी भागते, आणि त्यांच्याच पिल्लांतून पुढचे प्रजनक निवडले जातात. दोन-तीन पिढ्यांत सगळे मासे एकमेकांचे भाऊ-बहीण किंवा चुलतभावंडे होतात.

येथे नुसती संख्या पाहून फसू नका. नर आणि माद्या यांचा गुणाकार करून त्याला ४ ने गुणा आणि एकूण संख्येने भागा. येते ती प्रजनकांची परिणामकारक संख्या. समजा ३ माद्या आणि १५ नर वापरले. मासे १८, पण परिणामकारक संख्या फक्त १०. अंतःप्रजननाची एका पिढीतील वाढ म्हणजे १ भागिले या संख्येची दुप्पट, म्हणजेच ५ टक्के. तेच १८ मासे ९ माद्या आणि ९ नर असे घेतले, तर वाढ २.८ टक्क्यांवर येते. २५ माद्या आणि २५ नर असतील तर ती १ टक्का राहते. हॅचरीचालकांनी निदान हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

आणखी एक सवय घातक आहे. संप्रेरकाची मात्रा माशाच्या वजनावर ठरते, म्हणून खर्च वाचवायला लहान मासे प्रजननासाठी ठेवले जातात आणि मोठे बाजारात जातात. म्हणजे जलद वाढणारे मासे ताटात आणि रेंगाळणारे टाकीत! ही उलटी निवड आहे. शिवाय कटला आणि रोहू एकाच कुंडात सोडल्यास संकर होतो. असे संकरित मासे पुढे प्रजननक्षमही असतात, त्यामुळे दोन्ही जातींचा शुद्धपणा जातो.

विविधता टिकवून निवड केली तर काय साधते, याचे उदाहरण म्हणजे जयंती रोहू. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने १९९२ मध्ये हे काम सुरू केले. गंगा, गोमती, यमुना, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतील रोहू, तसेच संस्थेच्या तलावातील रोहू एकत्र आणून निवड केली. वाढीत प्रत्येक पिढीत सरासरी सुमारे १७ टक्के सुधारणा मिळाली.

तुम्ही बीज खरेदी करता तेव्हा तीन गोष्टी विचारा: प्रजनक कुठून आणले, शेवटचे कधी बदलले, आणि माद्या-नर किती वापरले? पिल्लांत वाकडा कणा किंवा कल्ल्याचे अपुरे झाकण वरचेवर दिसले तर शंका घ्या. मात्र खाद्यातील जीवनसत्त्वांच्या कमतरतेनेही असे होते, म्हणून एकट्या लक्षणावरून निष्कर्ष काढू नका. स्वतःच्या तळ्यातले मासे प्रजनक म्हणून ठेवू नका. एका खेपेचे बीज बहुधा एकाच घराण्याचे असते.

हॅचरीचालकांना उपाय महाग नाही. दूरच्या, नाते नसलेल्या केंद्रातून नर आणून त्यांचा आपल्या माद्यांशी संकर केला, तर एका पिढीत अंतःप्रजननाचा परिणाम जवळपास पुसला जातो. आणलेले मासे आधी वेगळ्या टाकीत ठेवून रोगाची तपासणी करावी.

उरलेली बोटुकली नदीत किंवा ओढ्यात सोडणे हे पुण्याचे काम वाटते. तसे ते नाही. कावेरीचे उदाहरण पाहा. लोणावळ्याच्या हॅचरीत वाढवलेला दख्खनी महसीर १९७० च्या दशकापासून तेथे सोडला गेला. तेथील मूळचा कुबडा महसीर आज अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे, आणि बाहेरून सोडलेला महसीर हे त्याचे एक प्रमुख कारण अभ्यासक मानतात. उरलेले बीज शेजारच्या शेततळ्याला द्या, नदीत मात्र मत्स्यव्यवसाय विभागाच्या सल्ल्याशिवाय काहीही सोडू नका.