दाखल्यातला रकाना

मंडळी, शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात आम्ही मास्तर 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच लिहीत असू. पण काही लेकरांचे शरीर जन्मतःच या दोन्हींत नीट बसत नाही. त्यांना आंतरलिंगी म्हणतात.

आपल्या राज्यातल्या पोलिस खात्याच्याच दोन हकिकती पाहा. बीडच्या ललिता साळवे मुलगी म्हणून वाढल्या, पोलिस शिपाई झाल्या. पुढे तपासणीत वाय गुणसूत्र निघाले. २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी मागितलेली रजा नाकारली गेली. शेवटी शासनाची परवानगी मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ललिताचे ललित झाले, नोकरीही टिकली.

२०१८ च्याच नाशिक ग्रामीण भरतीत एका मुलीचे मात्र उलटे झाले. तपासणीत गर्भाशय नाही, गुणसूत्रे पुरुषाची. तिला स्वतःला याची कल्पनाच नव्हती! नोकरी अडली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात शासनाने तिला खात्यात घेण्याची तयारी दाखवली.

वाय गुणसूत्र दोघांतही. पण एक स्वतःला पुरुष मानतो, दुसरी स्त्री. मग तान्ह्या बाळाचे आपण कसे ठरवणार? जिवाला धोका नसेल तर अशा बाळांवर शस्त्रक्रिया नको, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले ते याचसाठी. नातेवाईक विचारोत बापडे! आईबापांनी घाई करू नये. लेकराला मोठे होऊ द्यावे, मग त्यालाच विचारावे.