वर्ध्याचे खानखोजे आणि देश निवडण्याची गोष्ट



स्मरणिकेसाठी लेख मागायला समितीतल्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "तू अमेरिकेत राहिलीस, आता जर्मनीत आहेस. आपल्या सगळ्यांची पोरं आता बारावी-इंजिनिअरिंगला आली. कोणत्या देशात पाठवावं, यावर लिही. लोक वाचतील."

मी हो म्हटले आणि सवयीप्रमाणे तक्ता करायला घेतला. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला पगार, कर, घरभाडे, व्हिसा, थंडी. तक्ता करता करता आठवले की असाच एक तक्ता मी २००७ साली पुण्यात बसून केला होता. त्यात अमेरिका सगळ्यांच्या वर होती. २०१८ साली मी स्वतःच तो देश सोडला, कारण तक्त्यातली अर्धी उत्तरे तोवर बदलली होती. मग नवा तक्ता छापून काय उपयोग? तो स्मरणिका तुमच्या हाती पडेपर्यंतच शिळा होईल.

म्हणून तक्ता बाजूला ठेवला आणि इतिहासाचा तास आठवला. गदर पार्टीचा धडा चालू होता. पाठ करायच्या नावांच्या यादीतल्या एका नावाशी सर थांबले आणि म्हणाले, "हा माणूस आपल्या वर्ध्याचा बरं का. सायकलवर जाता येईल इतक्या जवळचा." आम्ही तेवढ्यापुरत्या माना वर केल्या आणि पुन्हा वहीत घातल्या. ते नाव होते पांडुरंग सदाशिव खानखोजे. देश निवडण्याचा प्रश्न त्यांच्याइतक्या वेळा आणि त्यांच्याइतक्या कठीण परिस्थितीत आपल्या भागातल्या दुसऱ्या कोणाला पडला असेल असे मला वाटत नाही.

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकातला, वर्ध्याचा. पुढचे शिक्षण नागपुरात. टिळकांच्या विचारांनी भारावलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात देशाबाहेर पडला. त्याला नोकरी किंवा पैसा नको होता. इंग्रजांशी लढायचे तर युद्धशास्त्र शिकले पाहिजे आणि ते हिंदुस्थानात कोणी शिकवणार नाही, एवढा साधा हिशेब होता.

पहिली निवड जपानची. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले होते आणि आशियातल्या प्रत्येक स्वाभिमानी तरुणाचे डोळे तिकडे लागले होते. पण जपानचा १९०२ पासून ब्रिटनशी मैत्रीचा करार होता. ब्रिटिशांच्या बंडखोराला उघडपणे थारा देणे त्या देशाला परवडणारे नव्हते. ज्या देशाचे आपल्याला कौतुक वाटते त्याला आपला उपयोग असतोच असे नाही, हे खानखोजे फार लवकर शिकले असावेत.

दुसरी निवड अमेरिकेची. पॅसिफिक ओलांडून ते कॅलिफोर्नियाला गेले. पोटासाठी मिळेल ते काम केले, माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत लष्करी शिक्षण घेतले आणि त्याच्या जोडीला शेतीशास्त्र धरले. १९१३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून त्यांनी शेतीतली मास्टर्स पदवी घेतली. त्याच वर्षी सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आदींबरोबर ते गदर चळवळीच्या उभारणीत होते. लष्करी शिक्षण हे ध्येय होते, शेती ही जोडीची विद्या होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे नेमके उलटे झाले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी अमेरिका सोडली आणि इराणात जाऊन तिथल्या टोळ्यांबरोबर ब्रिटिशांविरुद्ध लढले. तो डाव फसला. युद्धानंतर ते बर्लिनमध्ये होते. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्याबरोबर मॉस्कोला गेले. तिथेही काही हाती लागले नाही. मायदेशाचे दार बंद होते, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव होते.

अमेरिकेला परत जावे, तर तिथले दारही बंद झाले होते. हा भाग मी थोडा सविस्तर सांगते, कारण आपल्याला वाटते की व्हिसाची कटकट आपल्याच पिढीच्या वाट्याला आली. कॅनडाने १९०८ मध्येच नियम केला होता की जन्मदेशातून न थांबता थेट प्रवास करून येणाऱ्यालाच उतरू द्यायचे. हिंदुस्थानातून तशी थेट बोटसेवाच नव्हती. नियमात हिंदी माणसाचे नावही न घेता त्याला बाहेर ठेवले गेले. १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाजावरच्या ३७६ प्रवाशांपैकी मोजके सोडले तर बाकीच्यांना व्हँकुव्हरच्या बंदरातून परत फिरावे लागले. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी केली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला. पुढे १९४६ मध्ये दार किलकिले झाले ते वर्षाला १०० भारतीयांसाठी. खऱ्या अर्थाने ते १९६५ च्या कायद्याने उघडले.

अशा वेळी, १९२४ मध्ये, खानखोजे मेक्सिकोला गेले. कोणत्याही तक्त्यात मेक्सिको वर आला नसता. दहा वर्षांच्या क्रांतीने आणि यादवीने तो देश पोळून निघाला होता. स्पॅनिश भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकायची होती. पण दोन गोष्टी जुळल्या. अमेरिकेत असताना त्यांची मेक्सिकन मंडळींशी दोस्ती झाली होती. त्यातले रामोन दे नेग्री पुढे मेक्सिकोचे शेतीमंत्री झाले. आणि क्रांतीनंतर मेक्सिकोत जमिनी कुळांना वाटल्या जात होत्या, त्या नव्या शेतकऱ्यांना शिकवणारी माणसे हवी होती. जोडीला म्हणून घेतलेली शेतीची पदवी आता मुख्य झाली.

चापिंगोच्या राष्ट्रीय शेतीशाळेत ते प्राध्यापक झाले. गहू आणि मका यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढायला हातभार लावला. त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे टीना मोदोती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी काढली. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर सगळे मिळून भाकरी खात असल्याचे चित्र रंगवले, त्यात टेबलाच्या मुख्य जागी खानखोजे यांना बसवले. ते मेक्सिकोचे नागरिक झाले, एका बेल्जियन स्त्रीशी त्यांनी लग्न केले, दोन मुली झाल्या. स्वातंत्र्यानंतर परतीची वाट मोकळी झाली आणि १९५० च्या दशकात ते नागपूरला स्थायिक झाले. १९६७ मध्ये तिथेच वारले. त्याच्या आदल्याच वर्षी भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले होते, ज्यातून हरित क्रांती उभी राहिली. ते वाण खानखोजे यांचे नव्हते. पण मेक्सिकोचा गहू आपल्या देशात उतरला ही बातमी नागपुरात बसलेल्या या म्हाताऱ्याने कशी वाचली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्या पिढीकडे येते. खानखोजे यांच्याशी तुलना म्हणून नाही, दारे कशी उघडतात आणि मिटतात ते दिसावे म्हणून. मी २००२ मध्ये इंजिनिअर झाले. डॉटकॉमचा फुगा नुकताच फुटला होता आणि कॅम्पसमध्ये कंपन्या येत नव्हत्या. त्याच्या थोडे आधी, २००० मध्ये, जर्मनीने संगणकवाल्यांसाठी २०,००० परवान्यांची योजना जाहीर केली होती. तेव्हा जर्मनीकडे आपल्यापैकी कोणी वळूनही पाहिले नाही, सगळ्यांना अमेरिका हवी होती. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा काही काळ १,९५,००० होती, ती २००४ च्या कोट्यापासून ६५,००० वर आली. २००७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या दोनच दिवसांत जागांच्या जवळजवळ दुप्पट अर्ज आले आणि सोडत काढावी लागली. त्या सोडतीत माझे नाव निघाले. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, माझ्याहून हुशार मुलीचे निघाले नाही. ती आज पुण्यात मोठ्या पदावर आहे. माझी "निवड" ती काय, एवढीच.

अमेरिकेत अकरा वर्षे राहिले. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही. आइसलँड असो की भारत, मर्यादा तीच. त्यामुळे आपली रांग पुढे सरकता सरकत नाही. आत जायचे दार उघडे होते, पण आतल्या खोलीचे दार बंद होते, आणि मी जाताना फक्त पहिले पाहिले होते. २०१८ मध्ये आम्ही जर्मनीला आलो. मीही चाळिशीच्या उंबरठ्यावर पहिलीतल्या मुलीसारखी नामे आणि त्यांची लिंगे पाठ करायला बसले.

म्हणून तुमच्या मुलांना "कोणता देश चांगला" याचे उत्तर मी देणार नाही. चार प्रश्न मात्र सांगते. शिक्षणाच्या व्हिसानंतर नोकरीचा आणि त्यानंतर कायम राहण्याचा मार्ग आहे का, तो आज किती वर्षांचा आहे? तिथे आजारपणात रात्री दार वाजवता येईल असा एक तरी माणूस आहे का? तुझ्या हातात असे कोणते काम आहे की ज्याची त्या मातीला गरज आहे? आणि परत यावे लागले तर घरी काय शिल्लक असेल? चौथ्याचे उत्तर "वावर विकून फी भरली" असे असेल तर एजंटच्या ऑफिसातून उठून या आणि एक वर्ष थांबा. खानखोजे यांच्याकडे पहिल्याचे उत्तर कधीच नव्हते. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने त्यांना तारले.

आपल्या नालवाडीला देश सोडून जाणाऱ्यांइतकीच इथे येणाऱ्यांचीही परंपरा आहे, हेही मुलांना सांगा. १९३० च्या दशकात विनोबा नालवाडीत राहत होते. प्रकृती खालावली तेव्हा गांधीजींनी त्यांना थंड हवेच्या ठिकाणी जायला सांगितले. विनोबांनी निवडले ते पवनार, नागपूरच्या रस्त्यावर अगदी हाकेच्या अंतरावरचे, धाम नदीकाठचे. त्याच काळात सिलोनचे आर्यनायकम आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी यांनी नई तालीमसाठी सेवाग्राम निवडले. पोलंडचे विद्युत अभियंता मॉरिस फ्रिडमन गांधीजींच्या कामात आले आणि त्यांनी धनुष तकली नावाचे सूत कातायचे साधे यंत्र घडवले. इंजिनिअर म्हणून मला त्यांचे फार वाटते. वॉर्सातून निघालेल्या माणसाच्या तक्त्यात वर्धा कोणत्या रकान्यात बसला असेल?

शेवटी माझे स्वतःचे. जर्मनीने २०२४ मध्ये कायदा बदलला. आता तिथे पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येते आणि त्यांच्या बाजूने जुना पासपोर्ट सोडण्याची अट नाही. पण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसरे घेतले की भारताचे संपते. मग ओसीआय कार्ड मिळते, त्यावर येता-जाता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांचे वावर वारसाने मिळू शकते, पण शेजारचा तुकडा उद्या विकायला निघाला तर मी तो घेऊ शकणार नाही. अर्ज भरून ठेवला आहे. सहीची जागा रिकामी आहे. मुलीने तिची सही केव्हाच केली.

खानखोजे यांनी मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले, मग तू का घाबरतेस, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण त्यांची साक्ष माझ्या बाजूने काढणे बरोबर नाही. त्यांच्यापुढे मायदेशाचा पर्यायच नव्हता, माझ्यापुढे आहे. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच की चार दशकांनंतरही त्यांना नागपूर ओळखू आले, आणि नागपूरला ते.

मेळाव्याला मी येणार आहे. इतिहासाचे सर येणार असतील तर त्यांच्याजवळ बसायचे आहे. त्या दिवशी तासाला त्यांनी सांगितलेले उरलेले अर्धे मी ऐकलेच नव्हते.