माध्यमिक शिक्षणातील भागीदारी : अनुदानित शाळा म्हणजे काय?

महापालिकेची प्राथमिक शाळा संपली की मुलाला पुढे कोठे घालावे, हा प्रश्न सोलापुरातील यंत्रमाग व विडी कामगारांच्या घरांत दरवर्षी उभा राहतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची मोफत शिक्षणाची हमी सहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववी-दहावीचा भार महाराष्ट्रात मुख्यतः खासगी संस्थांच्या अनुदानित शाळांनी वाहिला आहे. म्हणून ही व्यवस्था आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

शासन व खासगी संस्था यांची ही भागीदारी नवी नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाचे तत्त्व स्वीकारले. पुढे मिशनऱ्यांनी, लोकवर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्थांनी आणि १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने तिला बळ दिले. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणाऱ्या सोलापुरात समाजासमाजांनी आपापल्या शाळा उभारल्या. पद्मशाली समाजाची कुचन प्रशाला हे त्याचे एक उदाहरण.

भागीदारीची वाटणी सरळ आहे. जागा, इमारत व व्यवस्थापन संस्थेचे. मान्य पदांचे वेतन शासनाचे. विद्यार्थिसंख्येवरून पदे ठरतात, त्यास संचमान्यता म्हणतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. सेवाशर्तींसाठी १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली आहे.

सर्वच शाळांना मात्र अनुदान नाही. २००१ मध्ये शासनाने नव्या शाळांसाठी ‘कायम विनाअनुदान’ धोरण आणले. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला गेला आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदानापासून प्रारंभ झाला. मधल्या काळात अनेक शिक्षकांनी तुटपुंज्या मानधनावर, काहींनी वेतनाविना शिकविले. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा मार्ग खुला केला. तेथे खर्चाचा भार शुल्कावर, म्हणजे पालकांवर पडतो.

अल्पसंख्याक या नात्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने आपल्याला शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. अनुदान देताना शासनाला अशा संस्थेबाबत भेदभाव करता येत नाही. त्याचबरोबर अनुच्छेद २८ नुसार अनुदानित शाळेत कोणावरही संमतीवाचून धर्मशिक्षण लादता येत नाही, आणि अनुच्छेद २९ नुसार केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. हक्काबरोबर आलेले हे कर्तव्य आम्ही ओझे मानत नाही. जनतेच्या पैशातून वेतन घेणारी शाळा सर्व जनतेची असते.

पालकांना आमचे सांगणे एवढेच : प्रवेश घेताना शाळा अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित आहे हे स्पष्ट विचारावे. प्रत्येक शुल्काची पावती घ्यावी. पालक-शिक्षक संघाच्या सभेस जावे. शंका राहिल्यास जिल्हा परिषदेतील माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी. आणि ज्या संस्था आपल्या हाती आहेत, त्यांच्या चालकांनी स्वतःला विचारावे : विडी कामगाराची मुलगी आमच्या दारातून दहावीपर्यंत पोहोचते काय? या भागीदारीची खरी कसोटी तीच आहे.