पस्तीस विमानं-बलून आणि एक मैदान

रग्बीचा सामना बघताना फ्लँकरकडे कधी लक्ष दिलंय? चेंडू सुटला रे सुटला की जो सगळ्यांत आधी झेपावतो, तो फ्लँकर. आज अशाच एका फ्रेंच फ्लँकरची गोष्ट सांगतो. त्याचं नाव मोरिस ब्वायो.

त्याचा जन्म 1888 चा, अल्जीरियातला. तो दाक्स आणि बोर्दोच्या संघांकडून खेळला, आणि 1912-13 मध्ये फ्रान्सकडून सहा आंतरराष्ट्रीय सामने. देशाचं कर्णधारपदही त्याने सांभाळलं. मग 1914 मध्ये महायुद्ध पेटलं. पुढे ब्वायो लढाऊ वैमानिक झाला. त्याच्या 77 क्रमांकाच्या तुकडीत इतके खेळाडू होते, की लोक तिला 'खेळाडूंची तुकडी'च म्हणत.

त्याचं मुख्य लक्ष्य असायचं शत्रूचे निरीक्षण-बलून. हायड्रोजनने भरलेला, जाड तारेने जमिनीला बांधलेला बलून. त्याच्या टोपलीत बसलेला निरीक्षक आपल्या तोफांना फोनवरून नेम सांगायचा. एक बलून पाडला, की तोफा आंधळ्या व्हायच्या आणि खंदकातली कितीतरी माणसं वाचायची. वाटतं सोपं, पण बलूनभोवती विमानविरोधी तोफांचा कडेकोट पहारा असे. शिवाय बलूनमधल्या निरीक्षकाकडे पॅराशूट असे, हल्ला करणाऱ्या फ्रेंच वैमानिकाकडे मात्र नसे!

तरी ब्वायो पुन्हा पुन्हा गेला. त्याच्या नावावर 35 विजय आहेत, त्यांतले 21 बलून. 16 सप्टेंबर 1918 ला त्याने शेवटचा बलून पाडला, आणि त्याच दिवशी तोही पडला. वय अवघं तीस. बरोबर आठ आठवड्यांनी, 11 नोव्हेंबरला युद्ध थांबलं. त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही.

आमच्या आयटीत माणूस आकड्यांत मोजायची सवय लागते. ब्वायोचंही तसंच होतं. विमानयुद्धाच्या पुस्तकांत तो 'पस्तीस विजय' म्हणून भेटतो. पण ज्याच्या घरच्यांना फूल वाहायला कबरसुद्धा मिळाली नाही, त्याची आठवण नुसत्या आकड्यात कशी मावणार?

दाक्सच्या लोकांनी त्यांच्या परीने उत्तर शोधलं. गावच्या रग्बी मैदानाला त्याचं नाव दिलं, त्याचा पुतळा उभारला. आजही तिथे पोरं चिखलात लोळतात, चेंडूमागे धावतात.

मंडळी, कधी नैऋत्य फ्रान्सला गेलात, तर मुलांना ते मैदान जरूर दाखवा. आणि त्यांना सांगा, की हा माणूस सैनिक होण्याआधी त्यांच्यासारखाच एक खेळाडू होता.