कुरुंद ते कार्बोरंडम : धारेच्या दगडाची कहाणी

घरातली सुरी बोथट झाली की आपले उपाय ठरलेले असतात. कप उलटा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पाते ओढायचे, निसण्यावर चार हात मारायचे, नाहीतर चाक घेऊन दारोदार फिरणाऱ्या धारवाल्याची वाट पाहायची. या सर्वांमागे तत्त्व एकच आहे. 'धार लावणे' असे आपण म्हणतो खरे, पण लावले काहीच जात नाही. पात्याच्या दोन्ही अंगांचे पोलाद घासून काढले जाते आणि जिथे ती दोन अंगे मिळतात तिथे धार उरते. पोलाद घासायचे तर त्याहून कठीण कण हवेत. असे कण माणसाने कोठून मिळवले, हाच धारेचा इतिहास आहे.

कठीणपणाची तुलना करण्यासाठी फ्रीडरिश मोह्स या खनिजतज्ज्ञाने १८१२ साली दहा पायऱ्यांची श्रेणी मांडली. वरच्या पायरीचे खनिज खालच्यावर ओरखडा उठवते, एवढाच तिचा अर्थ. या श्रेणीत सुरीचे पोलाद साधारण ५.५ ते ६.५ वर येते, क्वार्ट्झ ७ वर, कुरुंद ९ वर आणि हिरा १० वर. क्वार्ट्झ म्हणजे वाळूचा मुख्य घटक. वालुकाश्मावर सुरीला धार का येते, ते यावरून कळते. निसर्गात हा दगड मुबलक असल्याने हजारो वर्षे बहुतेक धार त्याच्यावरच लागली.

आपल्या देशाकडे याहून सरस वस्तू होती. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. माणिक आणि नीलम ही त्याचीच रंगीत, पारदर्शक रूपे. साध्या, अपारदर्शक कुरुंदाची पूड लाखेत कालवून आपले कारागीर सहाणेची चाके बनवत आणि त्यांवर रत्नांना पैलू पाडत. या खनिजाला संस्कृतात कुरुविंद आणि तमिळमध्ये कुरुंदम् म्हणतात. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आशियातल्या या दगडाविषयी निबंध लिहिला. आज जगभर वापरला जाणारा 'कोरंडम' हा शब्द असा आपल्याकडून गेला आहे.

इंग्लंडमध्ये सुऱ्या-कात्र्यांचे मोठे केंद्र होते शेफिल्ड. तिथे वालुकाश्माची मोठी चाके पाण्याच्या आणि पुढे वाफेच्या शक्तीने फिरत. कामगार चाकावर ओणवा होऊन पाते टेकवी. चाक झिजे, आणि झिजलेल्या क्वार्ट्झची बारीक धूळ थेट त्याच्या छातीत जाई. अर्नोल्ड नाइट या स्थानिक डॉक्टरांनी या 'धारवाल्यांच्या दम्या'चे वर्णन १८३० साली प्रसिद्ध केले. कोरड्या चाकावर काम करणारे पस्तिशीही क्वचितच गाठतात आणि ओल्या चाकावरचे पंचेचाळिशी क्वचितच ओलांडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. एंगल्स यांनी १८४५ च्या आपल्या ग्रंथात ते उद्धृत केले. वयातला हा फरक केवळ पाण्याने पडत होता, कारण ओल्या चाकाची धूळ कमी उडते. या रोगाला आपण आज सिलिकोसिस म्हणतो. शिक्षकांना अधिक जवळचे उदाहरण द्यायचे तर मध्य प्रदेशातील मंदसौरचे देता येईल. शाळेच्या पाटीवर लिहायच्या पेन्सिली कापणाऱ्या तिथल्या कामगारांना याच रोगाने ग्रासले होते.

पुढचे वळण अनपेक्षित होते. १८९१ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एडवर्ड ॲचेसन यांनी एका लोखंडी भांड्यात माती आणि कोकची पूड घेऊन त्यातून प्रबळ विद्युत्प्रवाह सोडला. कृत्रिम हिरा मिळावा, असा त्यांचा उद्देश होता. हिरा मिळाला नाही, पण कार्बनच्या कांडीला काही चकाकणारे स्फटिक चिकटलेले दिसले. त्यांनी काचेवर सहज ओरखडा उठत होता. हे स्फटिक कार्बन आणि कोरंडम यांपासून झाले असावेत, अशा समजुतीने ॲचेसन यांनी त्यांना 'कार्बोरंडम' हे नाव दिले. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होते. समजूत चुकली तरी नाव टिकले. सुरुवातीला हा पदार्थ रत्ने घासणाऱ्यांना कॅरटच्या भावाने विकला गेला. १८९५ मध्ये ॲचेसन नायगारा धबधब्याच्या स्वस्त विजेजवळ गेले आणि तो टनांनी होऊ लागला. कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइडही त्याच सुमारास बाजारात आले. या दोन्हींत क्वार्ट्झसारखी मुक्त सिलिका नसते. विसाव्या शतकात वालुकाश्माची चाके मागे पडली, आणि कारखान्यांतला सिलिकोसिस कमी होण्याचे ते एक मोठे कारण ठरले. १९५४ साली मद्रासमध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. तमिळ प्रदेशातून निघालेला शब्द दीडशे वर्षांनी नवे रूप घेऊन घरी परतला, असे म्हणायला हरकत नाही.

दुकानात मिळणारा दोन बाजूंचा धारेचा दगड बहुधा या दोन कृत्रिम पदार्थांपैकीच एकाचा असतो. जाड कणांची बाजू आधी वापरायची, बारीक कणांची नंतर. दगड ओला ठेवायचा, म्हणजे घासलेली पूड वाहून जाते आणि धूळ उडत नाही. खरे कौशल्य आहे ते कोन राखण्यात. पाते ३ सें.मी. रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून १ सें.मी. वर उचलली, तर कोन सुमारे २० अंशांचा होतो. ज्या-भुजेचे कोष्टक वापरून दहावीचा विद्यार्थी हे स्वतः पडताळू शकेल. एक बाजू पुरेशी घासली की दुसऱ्या बाजूच्या कडेला धातूची बारीक खरखर बोटाला जाणवते. मात्र बोट धारेच्या दिशेने न फिरवता आडवे, धारेपासून दूर न्यावे. खरखर पूर्ण लांबीभर आली, की बाजू बदलायची.

धार जाते कशी, हा प्रश्न मात्र अजून संपलेला नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असलेला केसही दाढीच्या पात्याच्या कडेचा टवका काढू शकतो. केस वाकलेला असेल आणि पोलादाची अंतर्गत रचना त्या जागी एकसारखी नसेल, तर कड तिथे तुटते. म्हणजे मोह्सची श्रेणी ओरखड्यांचे गणित सांगते, झिजेचे सगळे नाही.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. काचेचा तुकडा, लोखंडी खिळा, गारगोटी आणि धारेच्या दगडाचा तुकडा घ्यावा आणि कोण कोणावर ओरखडा उठवतो त्याची श्रेणी विद्यार्थ्यांना लावू द्यावी. काचेच्या कडा आधी चिकटपट्टीने झाकाव्यात आणि दगड ओला करूनच घासावा. दगड ओला का करायचा, हे विद्यार्थ्यांनी विचारले, तर शेफिल्डची हकिकत सांगण्याची ती योग्य वेळ.