काळ्या पाण्यावरचे संसार

काळे पाणी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते सेल्युलर जेल. तो कोलू, त्या दंडाबेड्या, आणि त्या कोठडीत १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे काढलेले तात्याराव सावरकर. ‘माझी जन्मठेप’ वाचून आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या आणि अंदमान म्हणजे राजबंद्यांची तपोभूमी हे समीकरण मनात पक्के होऊन बसले. ते समीकरण खोटे नाही, पण अपुरे मात्र आहे. सेल्युलर जेलचे बांधकाम पुरे झाले १९०६ साली. अंदमानात कैद्यांची पहिली तुकडी उतरली ती १८५८ च्या मार्चमध्ये, सत्तावनच्या रणधुमाळीचा धूर अजून विरला नव्हता तेव्हा. म्हणजे सेल्युलर जेल उभे राहण्याआधी जवळजवळ अर्धशतक ती वसाहत नांदत होती. नुसती नांदत होती असे नव्हे, तर तिच्यात लग्ने लागत होती, पाळणे हलत होते, शेते पिकत होती. कारण त्याच पोर्ट ब्लेअरमध्ये आणखी एक तुरुंग होता. तो बायकांचा.

या तुरुंगाची ‘जन्मठेप’ कोणी लिहिली नाही. तिथल्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. त्या देशासाठी तुरुंगात गेल्या नव्हत्या, तेव्हा त्यांच्या नावाने सभा झाल्या नाहीत की स्वागताच्या कमानी उभारल्या गेल्या नाहीत. त्यांच्यापैकी पुष्कळजणी खुनाच्या आरोपावरून आल्या होत्या. आणि खून कुणाचा, असे विचारले तर उत्तर बहुधा घराच्या उंबऱ्याच्या आतच सापडे. कधी नवरा, कधी सवत, कधी स्वतःच्या पोटचे तान्हे मूल.

यांतल्या एकीचे नाव मराठी समाजाच्या इतिहासात नोंदलेले आहे. काशीबाई. पुण्यातली तरुण ब्राह्मण विधवा. जोतीराव फुल्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फशी पाडले. दिवस गेले, तेव्हा त्याने अंग काढून घेतले. बाळंत झाल्यावर लोकलाजेच्या भयाने तिने त्या अर्भकाला मारले. खटला उभा राहिला आणि काशीबाईला जन्मठेप काळे पाणी झाले. हे साल १८६३. शास्त्रीबोवांचे काय झाले, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

फुल्यांनी ही हकिकत पुढे १८८४ साली, बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर मलबारींनी मते मागवली तेव्हा, आपल्या टिपणात लिहून ठेवली. या प्रकरणाने ते आणि सावित्रीबाई इतके हलले की त्याच सुमारास त्यांनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनो, इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या अथवा ठेवून जा, अशा अर्थाची पत्रके पुण्याच्या भिंतींवर लागली. त्या टिपणाच्या वेळेपर्यंत पस्तीस विधवा त्या घरी येऊन गेल्या होत्या. १८७४ साली तिथे आलेल्या अशाच एका विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. योगायोग असा की त्याच्या आईचे नावही काशीबाईच होते. एक काशीबाई समुद्रापार गेली आणि अकरा वर्षांनी दुसरीचे मूल वाचले. या दोन काशीबायांच्या मधोमध गंज पेठेतले ते घर उभे आहे.

पहिल्या काशीबाईच्या वाटेने जाणाऱ्या बायका मात्र थांबल्या नाहीत. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. अपिलात फाशीची जन्मठेप झाली आणि अखेर ती पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीला धारेवर धरले, तेव्हा वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे उसळून उठल्या आणि १८८२ साली पुण्याहून त्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले. स्त्रीच्या बाजूने लिहिलेले मराठीतले हे पहिले सडेतोड पुस्तक. म्हणजे आपल्याकडच्या स्त्रीमुक्तीच्या विचाराची दोन मुळे, फुल्यांचे गृह आणि ताराबाईंचे पुस्तक, दोन्ही कैदी बायकांच्या खटल्यांत रुजलेली आहेत. आपण त्या मुळांवर आलेली फुले पाहिली, पण खटल्यातली बाई पुढे गेली कुठे, जगली कशी, हे विचारायचे राहून गेले.

फुल्यांच्या टिपणात काशीबाईची कथा शिक्षेपाशी संपते. तिच्यासारख्या बाईपुढे काय वाढून ठेवलेले असे, ते मात्र वसाहतीच्या नियमांवरून चांगले कळते. १८६३ मध्ये वसाहत अवघी पाच वर्षांची होती आणि सारेच कच्चे होते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत नियम घट्ट होत गेले. गेल्या शतकाच्या आरंभी ते पुरते बांधले गेले, तेव्हा त्यांचे स्वरूप साधारण असे होते.

पुरुष कैदी आधी सहा महिने कोठडीत, मग दीड वर्ष सामुदायिक तुरुंगात, त्यानंतरची तीन वर्षे बराकीत राहून बिनमजुरीचे काम, पुढची पाच वर्षे थोडे हलके काम आणि किरकोळ भत्ता, अशा पायऱ्या चढत जाई. दहा वर्षे सरली की त्याला सुटीचे टिकीट मिळे. मग तो ‘सेल्फ-सपोर्टर’ होई, म्हणजे स्वतःच्या कमाईवर जगणारा कैदी. गावात घर बांधावे, जमीन कसावी, गुरे पाळावीत, लग्न करावे किंवा देशाहून बायकोमुलांना बोलावून घ्यावे. परवानगीशिवाय वसाहत सोडायची नाही आणि रिकामे बसायचे नाही, एवढीच बंधने.

बायकांसाठी नियम सौम्य होते, असे सरकारी कागद म्हणतात. कोलू नाही, खडी फोडणे नाही. बायकांच्या तुरुंगात कातणे, विणणे, शिवणे चाले आणि त्यांच्या हातचे कापड कैद्यांच्या अंगावर जाई. चांगल्या वागणुकीवर वरचा वर्ग मिळे, कुणी मुकादमीणही होई. पाच वर्षे भरली की बाहेर पडायला दोन दारे उघडत. एक कुणा साहेबाच्या घरची चाकरी, दुसरे लग्न. तिसरे दार नव्हते. परवानगीने चाकरीत असलेली किंवा लग्न होऊन नवऱ्यापाशी नांदणारी, एवढ्या दोघी सोडून प्रत्येक बाईने तुरुंगातच राहिले पाहिजे, असा दंडक होता. पुरुषाला दहा वर्षांनी स्वतःच्या पायावर उभे राहता येई. बाईला एकटीने उभे राहण्याची सोयच नियमांत नव्हती.

त्यातही ‘नवऱ्यापाशी नांदणारी’ हे शब्द नीट वाचावेत. नवऱ्याशी पटले नाही, त्याने मारझोड केली आणि ती घर सोडून निघाली, तर तिने जायचे कुठे? परत तुरुंगात. माहेर नाही, शेजार नाही, मध्ये पडणारा दीर-भावजयीचा गोतावळा नाही. अविवाहित राहिली तर तिला वीस वर्षे काढावी लागत. लग्न केले तर पंधरा वर्षांनी नवऱ्याबरोबर वसाहत सोडता येई, पण दोघांची मुदत भरेपर्यंत एकमेकांसाठी थांबून आणि निघायचे ते जोडीनेच. लग्नाची किंमत सरकारने पाच वर्षे अशी चक्क कागदावर मांडली होती.

यातला विरोधाभास काळीज चिरणारा आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पण पुण्या-साताऱ्याच्या, बेळगाव-धारवाडच्या वाड्यांत विधवेने पुन्हा कुंकू लावणे म्हणजे घराण्याला बट्टा. त्या रूढीपायी जिच्या हातून मूल मारले गेले, तिला समुद्र ओलांडल्यावर सरकार म्हणे, बाहेर पडायचे असेल तर लग्न कर. इकडे तिला बाई म्हणून जगू दिले नाही, तिकडे बायको झाल्याशिवाय जगू दिले नाही. दोन्हीकडे तिचा स्वतःचा शब्द असा कुठेच नव्हता.

सरकारचा हिशेब सरळ होता. हजारो पुरुष आणि मूठभर बायका असलेली वसाहत शांत राहत नाही. घर झाले, पोर झाले की माणूस पळून जाण्याचे बेत करत नाही. म्हणून कैदीण हवी होती. तिचे पुनर्वसन हे पुरुषाला ताळ्यावर ठेवण्याचे साधन होते. पुरुष अनेक आणि बायका थोड्या, त्यामुळे संशय, भांडणे, मत्सर, प्रसंगी खूनही होत, आणि साहेब लोक दोष द्यायचे ते बायकांच्या चालीलाच.

एवढे सगळे असूनही त्या बायकांनी संसार केले. आणि इथेच या इतिहासाला वेगळे वळण लागते. जंगल तोडून वसवलेल्या गावांत घरे उठली, परसात भाजी आली, गोठ्यात गाय आली. कुणाचा मुलूख कोणता, जात कोणती, घरी काय घडले, या चौकशा तिथे बोथट झाल्या. सगळ्यांच्याच मागे शिक्षा होती, तेव्हा नाक मुरडायचे कोणी? त्यांच्या मुलाबाळांचा एक नवाच समाज तयार झाला. त्यांना ‘लोकल-बॉर्न’ म्हणजे तिथेच जन्मलेले म्हणत. ती मुले कैदी नव्हती, मोकळी होती. शिक्षा भरल्यावर परत जाण्याचा हक्क मिळाला तरी पुष्कळांनी पाय काढला नाही. परत जायचे कुणाकडे? ज्या घराने तिला विहिरीच्या काठापर्यंत ढकलले, ते घर वीस वर्षांनी ओवाळणीचे ताट घेऊन उभे राहणार नव्हते.

या नव्या समाजाची एक गोष्ट सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष लागणारी आहे. ती भाषेची. नवरा एका प्रांताचा, बायको दुसऱ्या. कुणी पंजाबी, कुणी बंगाली, कुणी तमिळ, कुणी मराठी. चुलीपाशी बोलायचे कोणत्या भाषेत? हिंदुस्तानीत. तीच कचेरीची, तीच बाजाराची आणि पुढच्या पिढीत तीच मायबोली झाली. आपल्याकडे रस्त्यावर कानडी, गुजराती, तेलुगू किंवा हिंदी असली तरी घरात मराठी तग धरून राहते. ती काही आपल्या भाषाभिमानाने राहते असे नव्हे. तिच्यामागे आजी असते, आजोळ असते, मे महिन्याच्या सुट्टीतले मामाचे गाव असते, जात्यावर आणि पाळण्यापाशी म्हटलेल्या ओळी असतात. अंदमानातल्या मराठी बाईजवळ यांतले काही नव्हते. तिची मुले आजोळ नसलेली मुले होती. एकटी बाई एकटीच्या जोरावर भाषा किती दिवस टिकवणार? कायद्याने तिच्याकडून आयुष्याची वीस वर्षे मागितली. ओव्या कोणी मागितल्या नव्हत्या, पण त्याही गेल्या.

पुढे १९१९-२० च्या तुरुंग समितीने काळ्या पाण्याची प्रथा बंद करावी अशी शिफारस केली. १९४२ मध्ये जपानी आले आणि १९४५ मध्ये ते गेल्यावर कैद्यांची वसाहत कायमची मोडली. स्वतंत्र भारताच्या दंडसंहितेतून काळ्या पाण्याची शिक्षा १ जानेवारी १९५६ पासून गेली आणि तिच्या जागी नुसती जन्मठेप राहिली. समुद्र मध्ये उरला नाही, पण अंतर उरलेच.

कैदी स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांची समिती नेमली गेली आणि १९८७ मध्ये तिचा अहवाल आला. आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली नियम घालून दिले. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईपाशी राहू शकते, पुढे त्याची सोय बाहेर लावायची. हे सारे हवेच होते. पण सहा वर्षांच्या त्या मुलाला बाहेर कोण घेऊन जाणार, हा प्रश्न न्यायालयाच्या हातातला नाही, घराच्या हातातला आहे. पुरुष सुटला की त्याची आई, बायको दाराशी येते. चुकला होता, भोगून आला, म्हणून गावही दोन वर्षांत विसरते. बाई सुटली की आधी प्रश्न येतो, हिच्या लेकीचे लग्न कसे जमायचे? आमच्या बेळगावला हिंडलग्याचे कारागृह १९२३ पासून उभे आहे. अशा भिंतीवरून जाताना आपण आत काय असेल याचा विचार करतो. बाईच्या बाबतीत खरा तुरुंग पुष्कळदा फाटकाबाहेर सुरू होतो.

१८६३ साली एकाच घटनेला दोन उत्तरे मिळाली. सरकारने गुन्हा घडल्यावर बाईला समुद्रापार नेले आणि बायको होण्याच्या अटीवर तिला जगण्याची मुभा दिली. फुले दांपत्याने गुन्हा घडण्याआधीच दार उघडले आणि अट कोणतीच घातली नाही. तू कोण, कुणाची, कशी फसलीस, हे न विचारता आधी आत घेतले. सरकारच्या वाटेनेही संसार उभे राहिले, हे त्या बायकांच्या चिवटपणाचे यश आहे, व्यवस्थेचे नव्हे. आज ज्या बाया शिक्षा भोगून परततात, त्यांना सरकारी योजना, शिवणयंत्र, कर्ज यांचा उपयोग आहेच. पण त्याआधी त्यांना लागते ते एक दार, जे वाजवावे लागत नाही. दिवाळीत भाऊबीजेला बहिणीची वाट पाहणाऱ्या आपल्या घरांनी एवढे लक्षात ठेवले, तरी त्या पहिल्या काशीबाईचे काही देणे फिटेल.