सहा मीटरची गल्ली

स्मरणिका समितीनं ‘सोसायटीचा इतिहास’ हा विषय दिला. भूमिपूजन, पहिली कमिटी, बोअरवेल, लिफ्टची भांडणं हे सगळं बाकीच्या लेखांत आलंच आहे. म्हणून मी इमारतीऐवजी तिच्यासमोरच्या गल्लीबद्दल लिहितो. गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या मीटिंगांत सगळ्यांत जास्त आवाज चढले ते तिच्यावरूनच.

आपली गल्ली सहा मीटरची, म्हणजे वीस फुटांची. पुण्याच्या पश्चिम भागातल्या जुन्या ले-आउटमध्ये अशा गल्ल्या पुष्कळ आहेत. त्या आखल्या तेव्हाचा हिशोब साधा होता: एका प्लॉटवर एक बंगला, बंगल्यात एक कुटुंब, आणि कुटुंबाकडे सायकली, फार तर एखादी स्कूटर. मग बंगले पडायला लागले. 1997 पासून शहरात टीडीआर आला, म्हणजे दुसरीकडे आरक्षणात गेलेल्या जागेचा बांधकामहक्क आपल्या प्लॉटवर आणून वापरायचा, आणि बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचा वेग आणखी वाढला. आपण स्वतः त्याचंच उदाहरण. एका बंगल्याच्या जागी चौदा फ्लॅट. माणसं चौदापट झाली, गल्ली तेवढीच राहिली.

रस्ता रुंद करायचा तर महापालिकेकडे दोन वाटा असतात. पहिली विकास आराखड्याची. पुण्याचा पहिला आराखडा 1966 चा, दुसरा 1987 चा, आणि सध्याचा 2017 मध्ये मंजूर झालेला. ही वाट लांबची, शेवटी राज्य सरकारपर्यंत जाते. दुसरी वाट 1949 च्या महापालिका कायद्यातली, कलम 210 ची. त्यात आयुक्त रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक रेषा ठरवतात आणि स्थायी समिती तिला मंजुरी देते. मात्र त्याआधी किमान महिनाभर वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, त्या रस्त्यावरही नोटीस लावावी लागते, आणि लेखी हरकती विचारात घ्याव्या लागतात. ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ असं म्हणणाऱ्या सभासदांनी हे जरूर लक्षात ठेवावं. कायद्यात विचारायची सोय आहे, उत्तर मात्र आपण मुदतीत द्यायला हवं.

रेषा आखली म्हणून दुसऱ्या दिवशी बुलडोझर येतो असं नाही. इमारत रेषेच्या पुढे आली असेल तर बहुतेक वेळा ती नव्यानं बांधली जाईपर्यंत थांबतात, आणि बांधताना मालकाला मागे सरकावं लागतं. याचा परिणाम बघायचा असेल तर पेठांतून एक चक्कर मारा. एक नवी इमारत दहा फूट मागे, तिच्या शेजारचा जुना वाडा जागच्या जागी, पुढची इमारत पुन्हा मागे. मागे गेलेल्या जागेत गाड्या लागतात, हातगाडी उभी राहते, आणि वाहतूक जुन्याच अरुंद पट्ट्यातून चालते. जमीन गेली आणि रस्ताही झाला नाही, अशी ही स्थिती. रुंदीकरणाच्या बाजूनं बोलणारे हा भाग सहसा वगळतात. कंपाउंडमधली मोकळी जागा मात्र इमारतीसारखी थांबून राहत नाही. ती नोटीस देऊन लवकरही घेता येते, आणि आपल्या बाबतीत रेषेत येते ती नेमकी तीच.

आता 2020. कोरोनात आपण सगळे घरात असताना पुणे महापालिकेत शहरातले 323 रस्ते सहा मीटरवरून नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला. कारण उघड होतं. 2016 च्या धोरणापासून टीडीआर रस्त्याच्या रुंदीशी बांधला गेला, आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो वापरता येत नाही. म्हणजे तिथल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडला. यावर शहरात बरीच ओरड झाली. हेच 323 रस्ते का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? फायदा राहणाऱ्यांचा की बिल्डरचा?

आपल्याकडेही दोन तट पडले. नऊ मीटर म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर, साधारण पाच फूट. आपली रस्त्याकडची बाजू चोवीस मीटरची, तेव्हा छत्तीस चौरस मीटर, जवळजवळ चारशे चौरस फूट जागा जाते. त्यात तीन गाड्यांचं पार्किंग, बकुळ, आणि बंगल्याच्या मूळ मालकांनी लावलेला कडुनिंब. 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांपुढचं झाड ‘हेरिटेज’ ठरलं. कडुनिंबाचं वय काढायचं काम अजून बाकी आहे. काढायलाच हवं.

तळमजल्यावरच्या काकूंचं म्हणणं होतं, रस्ता रुंद झाला की शॉर्टकट मारणारे इथूनच जाणार, मग मुलांनी खेळायचं कुठे आणि आम्ही संध्याकाळी चालायचं कुठे? तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण मंडळींनी विचारलं, इमारत आणखी दहा-पंधरा वर्षांनी जीर्ण होईल, तेव्हा कुठला बिल्डर येईल? आणि दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असताना अग्निशमनची गाडी आत कशी येणार? शेवटचा प्रश्न मला सर्वांत खरा वाटतो, पण त्याला पाच फूट जमीन लागत नाही. एका बाजूचं पार्किंग बंद केलं तरी पुरतं. ते करायला आपली गल्ली तयार नाही, ही गोष्ट वेगळी.

मोबदल्याचं गणितही मांडून पाहिलं. जागेबदली वाढीव एफएसआय घेतला तर तो उपयोगी पडतो पुनर्विकासाच्या वेळी. ज्यांना इथेच, याच घरात शेवटपर्यंत राहायचं आहे, त्यांच्या हाताला त्यातून आज काहीच लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात कंपाउंडची भिंत झुकली तेव्हा प्रश्न कागदावरून थेट विटांवर आला. नवी भिंत जुन्या रेषेवर बांधायची की पाच फूट आत? विशेष सर्वसाधारण सभा अडीच तास चालली, चहा दोनदा झाला. ठरलं ते असं: भिंत जुन्याच रेषेवर, पण आरसीसी नाही, साध्या विटांची. गेट बोल्टवर बसवलेलं. विजेच्या मीटरची पेटी आणि पाण्याचा व्हॉल्व मात्र आत, कडुनिंबाच्या अलीकडे घेतला.